परमिट-बिरमिट

नोकरीत चोर, मारेकरी, दारुडे पुष्कळ पाहिले. त्यांतले बहुतेक विसरलो. एक माणूस मात्र अजून डोक्यातून जात नाही, आणि तो यांतला कोणीच नव्हता.

मी शाळेत असताना आईवडिलांबरोबर दादरहून मेलबर्नला आलो आणि पुढे इथल्याच पोलिसांत लागलो. शेवटची काही वर्षं मासेमारीच्या गुन्ह्यांच्या तपासात होतो. तुम्ही म्हणाल, मासे पकडणं हा काय गुन्हा? तर ऐका. इथे ॲबलोनी नावाचा एकाच शिंपल्याचा प्राणी समुद्रात खडकाला चिकटून राहतो. आपल्याकडे त्याला धड नाव नाही, पण परदेशात त्याला सोन्याचा भाव आहे. तो काढायची लायसन्सं मोजकी असतात आणि प्रत्येकाचा कोटा ठरलेला. ठरल्या मापापेक्षा लहान असेल तर हात लावायचा नाही. धक्क्यावरच पेट्यांना सील लागतं, आणि माल घेणाऱ्या कारखान्यालाही वेगळं लायसन्स लागतं.

निनावी तक्रारींच्या लाइनवर एक फोन आला. आवाज दबका आणि भाषा इंग्रजी. अमुक कारखान्यात मागच्या दाराने चोरीचा माल येतो, असं त्याचं म्हणणं. शेवटी घाईघाईत तो म्हणाला, "नो परमिट-बिरमिट, नथिंग."

रेकॉर्डिंग ऐकताना माझे कान टवकारले. परत लावलं. हिंदीवाला 'परमिट-वरमिट' म्हणाला असता. 'बि' लावतो तो आपला माणूस! माझ्या जोडीदार सार्जंट बाईंना मी हे सांगितलं नाही. फोन करणाऱ्याला शोधायचं नसतं, असा नियम आहे.

पण कारखान्याचा तपास करावाच लागला, आणि मालाच्या तपासणीवर सही करणारा माणूस निघाला पुण्याचा. फूड टेक्नॉलॉजीवाला, मालकाने स्पॉन्सर केलेल्या व्हिसावर आलेला. मुलीच्या शाळेसाठी मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात भाड्याने राहायचा आणि रोज लांब किनाऱ्यावरच्या कारखान्यात गाडी हाणत यायचा.

चौकशीच्या खोलीत रेकॉर्डर लावला, हक्क वाचून दाखवले. सगळ्याला त्याचं एकच उत्तर, "आय डोन्ट नो." तोंडाला कुलूप आणि हात मांडीखाली दाबलेले. शेवटी मी मराठीत विचारलं, "चहा घेणार?"

"नको हो. चहा-बिहा काही नको."

तोच आवाज, तोच 'बि'. बाईंनी विचारलं, काय म्हणाला? "चहा नकोय म्हणाला," मी म्हटलं. ते रेकॉर्डिंग उद्या मालकाच्या वकिलाच्या हातात जाणार होतं. मी आणखी काही बोललो असतो तर पोरगा तिथेच उघडा पडला असता.

मी चौकशी थांबवली, रेकॉर्डर बंद केला आणि बाईंना बाहेर नेऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझ्या भाषेत तूच बोल. परत आत गेलो आणि त्याला म्हटलं, "फोन तू केलास. ते आम्ही कुठे लिहिणार नाही. पण निनावी आवाज कोर्टात उभा करता येत नाही रे. तिथे माणूस लागतो."

तो इतका वेळ मला 'सर' म्हणत होता. आता म्हणाला, "काका, मी बोललो तर कारखान्याचं लायसन्स जाणार. ते गेलं की माझा व्हिसा गेला. मुलगी तीन वर्षांची असल्यापासून इथे आहे."

"मग फोन तरी कशाला केलास?"

"रोज टेबलावर एवढे-एवढे यायचे हो." त्याने दोन बोटांत अंतर दाखवलं. "खडकावरून काढताना पातं लागलं ना, तर त्याचं रक्त गोठत नाही. लहान आहे म्हणून परत पाण्यात सोडला तरी मरतो. आणि हे तर सोडतही नाहीत. तिकडचा सगळा खडक रिकामा झाला, काका."

मी कसलंही वचन दिलं नाही, देता येतच नव्हतं. म्हटलं, वकील गाठ, घरी बोल, मग ये. मनातून वाटत होतं, हा नाहीच आला तर बरं.

दुसऱ्या दिवशी तो आला. जबाबात सगळं सांगितलं: सीलबंद माल पुढून येतो, चोरीचा एस्कींतून, म्हणजे बर्फाच्या पेट्यांतून, मागून, एकदा का एका पिंपात मिसळला की कोणाचा बाप ओळखू शकत नाही. मिसळायच्या आधी, भल्या सकाळी, आम्ही छापा घातला. एस्की मालासकट हाती लागल्या. साक्ष देतानाही हा डगमगला नाही.

मालकाला शिक्षा झाली, कारखान्याचं लायसन्स रद्द झालं. ते योग्यच होतं, आजही म्हणेन. बाकीच्या कामगारांना इकडेतिकडे कामं मिळाली. याला नवा स्पॉन्सर हवा होता, आणि मालकाविरुद्ध साक्ष दिलेला माणूस कोणालाच नको होता. इमिग्रेशनला मी स्वतः लिहिलं. उत्तर सभ्य आलं, उपयोग शून्य. व्हिसाची मुदत संपत आली.

ते भारतात परत निघायच्या आधी मी त्यांच्या घरी गेलो. खोकी बांधून ठेवली होती. त्याच्या बायकोने चहा दिला आणि सरळ म्हणाली, "काका, तुमचा राग नाही असं मी म्हणणार नाही. आहे." मी मान खाली घालून चहा प्यालो.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. एवढंच, की त्या खडकावरच्या जिवासाठी कायद्याने माप ठरवलंय, सील ठरवलंय, कोटा ठरवलाय. त्याच्यासाठी जो तोंड उघडतो त्याच्यासाठी काहीही ठरवलेलं नाही. त्याला उचलतात आणि होता तिथे परत सोडतात. माझं डोकं अजून फिरतं.

मुलगी खोक्यावर बसून पाय हलवत होती. बाप मराठीत विचारायचा, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. पुण्याच्या शाळेत कसं होणार हिचं, म्हणून मी विचारलं, "तुला मराठी येतं का गं?"

तिने बापाकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "थोडं-बिडं."

तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला काही हसता आलं नाही.