जावयाचा सुती स्वेटर

ओल्या सुताचा वास आला, की अकोल्याचं माहेरचं अंगण आठवतं. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, आणि ऊन असं, की तारेवरचे कावळे घाम पुसत होते. जावयाला उकडू नये म्हणून आईने लोकर सोडून सुती धाग्याचा बिनबाह्यांचा स्वेटर विणला, धुतला आणि सवयीने तारेवर टांगला. पाण्याच्या भाराने लांबत लांबत तो जवळजवळ अमरावतीला पोचला. "कावून लांबलं हे? व्याह्यांपुढे नाक कापलं गेलं माहं!" आई रडकुंडीला आली. नवऱ्याने तो अंगात घातला. स्वेटर गुडघ्यांखाली आला. त्याच्यासोबत आलेल्या माझ्या सासूबाईंनी त्याला नीट न्याहाळलं. "कुर्ता झकास झाला, विहीणबाई. आता पायजमा बी होऊन जाऊ द्या!" आईला हसू फुटलं. या माणसांत आपलं निभेल, हे मला तेव्हाच कळलं. अजून निभतंय, बहुतेक दिवस.