बत्त्याचे तीन घाव

मी चारकोपच्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. मारणाऱ्यावरही हात उचलायचा नाही, हे वडिलांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. ख्रिस्ती घरातली मी; माझ्या हातून कुणाचं रक्त निघणार नाही, हे मी सिद्ध झाल्यासारखंच धरून चालले होते.

त्या रविवारी सकाळी आमच्या घरी दहा-बारा माणसं प्रार्थनेला बसली होती. नवरा पवित्र शास्त्र वाचत होता. दार ढकलून पाच-सहा जण आत घुसले.

"धर्म बदलताय काय रे लोकांचे?" एकानं पेटीवर लाथ घातली. भाता फाटला.

"अहो, बसा ना, बोलू आपण," नवरा म्हणाला. ठोसा त्याच्या तोंडावरच बसला. तो खाली पडला, तरी एक जण क्रिकेटच्या स्टंपनं त्याला झोडपत राहिला. डोक्यावर, जबड्यावर. फरशीवर रक्त आणि एक दात. शेजारच्या बौद्ध ताई धावत आल्या. "सोडा रे, मरेल तो!" त्यांनाही कुणीतरी भिंतीवर ढकललं.

मी स्वयंपाकघरात गेले ती फोन घ्यायला. हातात आला खलातला लोखंडी बत्ता. स्टंपवाल्यानं डावा हात टेबलाच्या कडेवर टेकला होता. त्या हातावर मी बत्ता घातला. तो किंचाळला, स्टंप हातातून सुटला. तिथं थांबता आलं असतं. मी आणखी दोनदा घातला. बोटं फुटल्याचा आवाज आला आणि मला गोड वाटलं. हे लिहायला मला फार दिवस लागले.

"बस गं! बस झालं!" ताईंनी मागून मला कवटाळलं आणि बत्ता हिसकावून घेतला.

पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी झाल्या, मग दोन्हीकडच्या मोठ्यांनी समझोता घडवला. आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, "तू नवऱ्याचा जीव वाचवलास." पहिल्या घावापुरतं ते खरं होतं. पुढचे दोन कुणासाठी होते?

शाळेत दोनचं वर्गमूळ अपरिमेय का, ते शिकवायचं होतं. ही सिद्धता मी डोळे मिटून लिहू शकते. जे खोटं ठरवायचं तेच आधी खरं मानायचं आणि विसंगती येईपर्यंत चालत राहायचं. विसंगती आली की गृहीतक खोडायचं. फळ्यावर 'समजा' लिहिलं आणि खडू पुढे सरकेना. वहीतलं गृहीतक खोडता येतं. मी स्वतःबद्दल जे चाळीस वर्षं मानलं, ते खोडल्यावर खाली काय उरतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. "मिस, पुढे?" एका मुलीनं विचारलं. मी पुढचं लिहिलं.

दोन महिन्यांनी ताईंना घेऊन मी त्या माणसाच्या घरी गेले. तो रिक्षा चालवायचा. डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, क्लच दाबता येत नव्हता.

"माफी मागायला आलेय," मी म्हणाले.

"तुमचं बरं आहे. माफी मागितली की तुम्ही मोकळे."

"आणि तुम्ही?" त्याची बायको आतून त्याला म्हणाली. "तुम्ही मागितली का कुणाची?"

त्यानं बोटांकडे पाहिलं. मग विचारलं, "त्यांचा जबडा?"

"आता चावून खातात."

त्यानं मान हलवली. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

घरी येऊन सगळं सांगितलं, तर नवरा पानावरून उठला. "क्षमा मला करायची होती गं, माझा मी, जमेल तेव्हा. तू जाऊन आलीस, आता मी काय करू?" मी माझ्या दोन घावांसाठी गेले होते, त्याच्या जबड्यासाठी नाही, पण हे त्याला समजावता येईना. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही. त्याचंही चूक नव्हतं.