तिसऱ्या वसंतातला श्पार्गेल

शुभदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच बागेत पाणी घालत होते. जुलैची दुपार होती. जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या रेताड मातीत ओतलेलं पाणी क्षणात दिसेनासं होतं, म्हणून मी एकाच वाफ्यावर पुन्हा पुन्हा झारी रिकामी करत होते. अविनाश, तिचा नवरा, फोनवर एवढंच म्हणाला, "आत्ताच गेली... शांतपणे." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "तू बागेत आहेस ना? श्पार्गेलच्या वाफ्याला पाणी झालं?" मी म्हटलं, चाललंय. "मग पूर्ण करूनच ये," तो म्हणाला. अशा वेळी त्याला पाण्याचं कसं सुचलं, असं नंतर दोघा-तिघांनी मला विचारलं. ज्यांनी तो वाफा पाहिलेला नाही त्यांना हे एका वाक्यात समजावणं मला जमलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

शुभदा पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी. मी हायडेलबर्गला ग्रंथालयात. मुलं लहान असताना रविवारच्या मराठी वर्गाबाहेर आमची ओळख झाली. मुलं आत बाराखडी म्हणत आणि बाहेर आम्ही आईवडील थंडीत उभे राहून घरभाड्यांबद्दल बोलत असू. शुभदा मात्र मातीबद्दल बोलायची. गावाबाहेर इथे बागेसाठी जमिनीचे छोटे तुकडे भाड्यानं मिळतात, त्याला क्लाइनगार्टन म्हणतात. बरीच वर्षं नंबर लावून तिला तसा एक मिळाला आणि मार्च उजाडला की आमच्या शनिवारांवर तिचा हक्क सुरू होऊ लागला. फोर्सिथियाची पिवळी फुलं उमलली की गुलाब छाटायचे, पन्हळीखाली पिंप लावायचं, कुजलेलं खत उलथंपालथं करायचं, हिवाळ्यात बंद केलेला नळ बागांच्या सोसायटीनं सुरू केला की आधी गळती बघायची. दुपारी एक ते तीन आवाज करायला बंदी, तेव्हा पायरीवर बसून पोहे खायचे. मला यातलं काही येत नव्हतं. "तू फक्त धर," ती म्हणायची आणि ती जे हातात देईल ते धरून मी उभी राहायचे.

पहिल्याच वर्षी तिनं गुढीपाडव्याचा मुहूर्त साधून भेंडी आणि गवार पेरली. शेजारच्या बागेतल्या फ्राउ केसलर, सत्तरीच्या, तोंडानं तिखट, कुंपणावरून बघत होत्या. "मेच्या मध्यापर्यंत थंडी परत येते," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे आजपासून नवीन वर्ष आहे," शुभदानं ऐटीत सांगितलं. मेमध्ये एका रात्रीत सगळी रोपं काळी पडली. फ्राउ केसलरनी सकाळी विचारलं, "काय, वर्ष संपलं?" शुभदा इतकी हसली की तेव्हापासून त्या दोघींचं जमलंच. तरीही पुढच्या प्रत्येक पाडव्याला ती चार दाणे पेरायचीच, खिडकीतल्या कुंडीत.

मग एका हिवाळ्यात तिच्या कर्करोगाचं निदान झालं. ऑपरेशन झालं. डॉक्टर किती वर्षं ते सांगत नव्हते आणि ती विचारत नव्हती. एप्रिलमध्ये, पोटावरची जखम पुरती भरलेली नसताना, तिनं मला आणि अविनाशला बागेत बोलावलं आणि लांबलचक चर खणायला लावला. श्पार्गेल लावायचा होता. वसंतात इथली माणसं वेडी होऊन खातात ते हे कोंब. आपल्या शतावरीच्याच कुळातले, मातीच्या ढिगाखाली वाढवल्यामुळे पांढरेशुभ्र राहिलेले. फ्राउ केसलर कुंपणाशी आल्या. "अहो, चहूकडे शेतंच्या शेतं आहेत याची. नाक्यावर टपरी आहे. आणि हा लावल्यावर दोन वर्षं हात लावायचा नसतो. कापायचं ते तिसऱ्या वसंतात." बोलून झाल्यावर शुभदाचा आजार त्यांच्या लक्षात आला असावा, कारण त्या एकदम कुंपणावरची वेल नीट करायला लागल्या. शुभदा चराच्या काठावर बसून कोळ्यासारख्या पाय पसरलेल्या मुळ्या एकेक करून मातीवर मांडत होती. "तिसऱ्या ना?" ती म्हणाली. "चालेल. तिसऱ्या वसंतात मी इथे गुडघ्यावर बसून माझ्या हातानं पहिला कापणार आणि खाणार. अविनाश, माती ढकल."

दुसऱ्या वसंतात आजार परत आला. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली, केस गेले. वाफ्यात करंगळीएवढे हिरवे कोंब आले होते आणि नियमाप्रमाणे ते तसेच वाढू द्यायचे होते. "एक तरी काप गं," मी म्हटलं. "एकानं काय होतंय?" ती नको म्हणाली. अविनाशला ते सहन होईना. एका रविवारी त्यानं मला जेवायला बोलावलं आणि मोठ्या थाटात ताट तिच्यापुढे ठेवलं. वाफवलेला श्पार्गेल, वर वितळलेलं लोणी. "आपल्या वाफ्यातला," तो म्हणाला. शुभदानं एक कोंब काट्यावर उचलला, उजेडाकडे धरला.

"आपल्या वाफ्यातला?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. सकाळीच कापला."

"अरे, आपण यंदा त्यावर मातीचा ढीगच केलेला नाही. उघड्यावर ऊन खाऊन हा पांढरा कसा राहिला? क्रीम लावत होतास का त्याला?"

अविनाशचा चेहरा बघण्यासारखा झाला. पंचवीस वर्षं या मुलखात राहून, रोज टपरीवरून जाऊन, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. ती पोट धरून हसली, जुनी जखम दुखते म्हणत पुन्हा हसली आणि मग त्यातले दोन तुकडे खाल्लेसुद्धा. "छान आहे," ती म्हणाली. "पण हा धरायचा नाही हं. मला फसवून जेवायला घालू नकोस. मी माझा खाणार आहे." अविनाश उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला... त्या दिवसापासून त्यानं तिला एकदाही "जपून" म्हटलं नाही. पुढल्या शनिवारी तो स्वतःहून बागेत तण काढायला आला.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, मार्चमध्ये तिला फावडं उचलवत नव्हतं. आम्ही तिला गाडीतून बागेच्या फाटकापर्यंत नेलं, शाल गुंडाळून खुर्चीत बसवलं आणि तिच्या हुकमाखाली वाफ्यावर माती ओढली. गुडघ्याएवढा उंच, लांबलचक ढीग झाला. "आता सारवा," ती म्हणाली. मला वाटलं थट्टा करते आहे. "फावड्याची पाठ घ्या आणि अंगण सारवल्यासारखं गुळगुळीत करा. कोंब खालून वर ढकलतो तेव्हा बारीक तडा जातो. माती ओबडधोबड असेल तर तो दिसायचा कसा?" आम्ही सारवलं. ती दोनदा म्हणाली, डाव्या बाजूला खडबडीत आहे. एप्रिलमध्ये मधले कित्येक दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. मी रोज संध्याकाळी बसमधून उतरून वाफ्याशी जायचे आणि तिला कळवायचे, अजून काही नाही. तिचं उत्तर यायचं, "नीट बघ. चष्मा लावून बघ."

ती घरी आली त्याच आठवड्यात तडा गेला. केसाएवढी रेष होती. सकाळी आम्ही तिला घेऊन गेलो. ती खुर्चीत बसायला तयार नव्हती. अविनाशनं एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं धरलं आणि ती वाफ्याशी गुडघ्यांवर बसली. दोन बोटांनी माती बाजूला करत करत ती कोंबाच्या अंगाअंगानं खाली गेली. तिनं सुरी आत घातली, एकदा, मग पुन्हा एकदा... आणि तो हातात आला. वीतभर लांब, थोडा वाकडा, शेंड्याला किंचित जांभळा. कुंपणापलीकडून फ्राउ केसलर ओरडल्या, "ना आल्झो! बघा, झाला की!" आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मागच्या बागेतलं कुणीतरी काय झालं बघायला आलं आणि कळल्यावर तेही टाळ्या वाजवू लागलं. शुभदानं कोंब नळाखाली धरला, दातानं त्याचा शेंडा तोडला आणि कच्चाच चावत राहिली. अविनाशनं हात पुढे केला. "हट्," ती म्हणाली, "पहिला माझा." तिनं तो देठापर्यंत संपवला. इतक्या महिन्यांत तिला एखादी गोष्ट संपेपर्यंत खाताना मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतरचे शनिवार म्हणजे सणच होते. तिनं खुर्चीतून सांगायचं आणि अविनाशनं करायचं. मोहरी-हिंगाची फोडणी, ओलं खोबरं, सोललेल्या सालांचं पाणी आमटीत. फ्राउ केसलर घरून पिवळा सॉस घेऊन आल्या, "याच्याशिवाय खाणं म्हणजे पाप आहे" म्हणाल्या आणि आमच्या भाजीवर तुटून पडल्या. सॉस तसाच राहिला. मेच्या अखेरीला शुभदानं कापणं थांबवलं. इथली माणसं जूनच्या शेवटी थांबतात, पण कोवळ्या वाफ्याला त्याआधीच सोडायचं असतं. ढिगावर नवे तडे दिसत होते. अविनाश सुरी घेऊन उभा होता. "अजून येतायत गं," तो म्हणाला, "यंदा... यंदा कापूया." तो कशासाठी म्हणतो आहे हे आम्हा तिघांनाही कळत होतं. "नको," ती म्हणाली. "आता त्याला उंच होऊ दे, नाहीतर पुढच्या वर्षी बारीक येईल. मला जे हवं होतं ते मी खाल्लं. सुरी पुसून ठेव."

ऑगस्ट सरत आला आहे. वाफा आता माझ्या डोक्याइतका उंच झाला आहे, बडीशेपेच्या पानांसारखा हिरवा, विरळ, वाऱ्याबरोबर आडवा पडणारा. गेल्या शनिवारी फ्राउ केसलरनी तक्रार केली, तुमचं जंगल माझ्या सॅलडच्या वाफ्यावर सावली पाडतं आहे. अविनाश खोपटातून जुन्या सुती साडीच्या फाडलेल्या पट्ट्या घेऊन आला. शुभदा झाडं नेहमी अशा पट्ट्यांनीच बांधायची, दोरीनं खोड कापतं म्हणायची. तो एकेका झुबक्याभोवती पट्टी गुंडाळत काठीला गाठ मारत होता, सैल, त्यात बोट जाईल एवढी, आणि मी जे त्यानं हातात दिलं ते धरून उभी होते. फ्राउ केसलर खाली वाकून खोडं बघत म्हणाल्या, "अंगठ्याएवढी जाड आहेत. वसंतात इतके कोंब येतील की तुम्हाला एकट्यांना संपणार नाहीत." अविनाश म्हणाला, "तिनं तसंच ठरवलं होतं," आणि पुढची पट्टी मागितली.