अंडी शाबूत

माझ्या नणंदेला आमच्या अंड्यांच्या गोदामात सगळे मखमल म्हणतात. तिला चांगलं नाव आहे, पण ते आता बहुधा तिलाही आठवत नसेल. मोटारसायकलच्या मागे दोन्ही बाजूंना अंड्यांच्या ट्रेंचे मनोरे बांधून ती गोदामातून निघते, खाचखळग्यांच्या कच्च्या वाटेनं मोठ्या रस्त्याला लागते आणि पलीकडच्या शहरात बेकऱ्यांना माल पोचवते. तिचं अंडं फुटत नाही. म्हणून मखमल. लोक ते कौतुकानं म्हणतात आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

का जाते, ते सांगते. अंडं फुटू नये म्हणून ती गाडीच्या चाकांतली हवा कमी करते. ही काही तिची एकटीची करामत नाही, आमच्या गोदामातली रीतच आहे. सकाळी माल बांधून झाला की एकेक जण चाकाशी उकिडवा बसतो, वॉल्व्हचं टोपण काढतो, खिळ्यानं आतली पिन दाबतो. फुस्स. मग अंगठ्यानं चाक दाबून बघायचं. अंगठा थोडा आत गेला की काम झालं. मऊ चाक खड्डे गिळतं, ट्रे हादरत नाहीत. कच्च्या वाटेवर हे ठीकच आहे. पण पुढे मोठा रस्ता लागतो. तिथे बेकरी उघडायच्या आत पोचायचं म्हणून ही मंडळी गाडी ताणतात, आणि हवा मात्र तेवढीच. पाठीवर एवढं ओझं, खाली तापलेला रस्ता, आणि चाक दर फेऱ्याला चेपून चेपून आतल्या आत भाजतंय. वरून काही दिसत नाही. दिसतं ते एकदम, फटाका फुटल्यासारखं.

ही रीत पाडली माझ्या नवऱ्यानं. त्याला उस्ताद म्हणायचे. आधी प्रत्येक खेपेत थोडीफार अंडी फुटायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. मग एका खेपेत यानं मऊ चाकावर सगळा माल शाबूत नेला, आणि मालकानं सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. झालं! त्या दिवसापासून फुटकं अंडं म्हणजे नामुष्की. कुणाचा ट्रे ओला निघाला की अख्खं गोदाम हसायचं. एका बिचाऱ्याला तर नावच पडलं ऑम्लेट. हा ऑम्लेट चाकं कडक ठेवतो. पहाटे चाकं गार असतानाच पंप लावून हवा भरतो, माल जास्त असला तर वर आणखी दोन दट्टे मारतो. त्याची अंडी फुटतात आणि तो मान खाली घालून टोमणे ऐकतो. पोरांचा बाप आहे, चांगला धडधाकट आहे, घरी वेळेवर जातो. पण कौतुक त्याचं नाही!

माझा नवरा गेला तो पुढचं चाक फुटून. भर दुपारी, सरळ रस्त्यावर, समोर कुणी नाही, मागे कुणी नाही. हँडल हातातून हिसकलं गेलं आणि गाडी आडवी झाली. भेटायला आलेल्यांपैकी एकानं मला काय सांगावं? म्हणाला, "वहिनी, एका बाजूचे ट्रे बघा, जसेच्या तसे होते. उस्ताद तो उस्तादच." मी त्याला घराबाहेर काढला. माणूस गेला आणि अंडी वाचली, याचं कसलं आलंय कौतुक? बाकीचे सगळे म्हणाले, नशीब. पंक्चरवाला तेवढा खरं बोलला. फुटलेलं टायर त्यानं मला आतून दाखवलं. कडेचं रबर जळून भुगा झालं होतं, धागे तुटून लोंबत होते. "हे रस्त्यानं नाही झालं ताई," तो म्हणाला, "हवा कमी होती." मी हे घरीदारी सगळ्यांना ओरडून सांगितलं. लोकांनी मान हलवली, नवरा गेलेली बाई काहीही बोलते म्हणून सोडून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिळे काढले.

त्यांच्यात ही बया सगळ्यात पुढे.

आता हिच्याबद्दल बोलते, नाहीतर वाटायचं की मी नुसती तिच्या नावानं खडे फोडतेय. माझं लग्न झालं तेव्हा ही परकर सावरत भावाच्या गाडीच्या टाकीवर बसायची. मोठी झाली तशी भाऊ मागे आणि ही पुढे. लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "डोकं खायला एक वहिनी पुरे आहे घरात." आमचं भांडण आंघोळीच्या पाण्यावरून सुरू व्हायचं आणि रेडिओच्या आवाजावर संपायचं, कधीकधी संपायचंही नाही. जेवते उभ्यानं. झोपते लाकडासारखी. गाडी मात्र रोज पुसते, साखळीला तेल देते, ब्रेकची वायर बघते. सगळं बघते, फक्त हवा सोडून! भाऊ गेल्यावर ही चार लोकांत रडली नाही. तेरा दिवस झाले नाहीत तोच त्याच्या खेपा तिनं आपल्याकडे घेतल्या. माझ्या घरात चूल पेटती राहिली ती तिच्यामुळे, हे मी नाकारत नाही. म्हणून तर माझा जीव तुटतो. एक त्या रस्त्यानं गिळला, आता ही रोज सकाळी आपण होऊन त्याच्या तोंडात जाते.

माझं काम त्याच गोदामात आहे. दिव्यासमोर एकेक अंडं धरून तडा आहे का बघायचं. माझ्या टेबलावरून अंगण दिसतं. रोज सकाळी मी अंडी बघता बघता हिला बघायची, चाकाशी बसलेली, हातात खिळा. रोज मी ओरडायची, "हवा सोडू नकोस गं!" आणि रोज एकच उत्तर, तेही हसून, "वहिनी, दादानं शिकवलंय."

"दादा त्यानंच गेला!"

यावर ती गाडीला किक मारायची.

गेल्या उन्हाळ्यात व्हायचं ते झालं. मोठ्या रस्त्यावर हिचं मागचं चाक फुटलं. ऑम्लेट तिच्या मागेच होता, त्यानं सगळं पाहिलं. मोठा आवाज झाला, टायरची एक पट्टी उडून त्याच्या अंगावरून गेली, आणि हिची गाडी मागून डावी-उजवी झोल खायला लागली. दोघांच्या मागे ट्रक होता. तो हॉर्न दाबूनच होता. "मला वाटलं, संपलं," ऑम्लेट मला सांगत होता. "पण तिनं पाय ब्रेकवर नेलाच नाही. हँडल सरळ धरलं, गुडघे टाकीला घट्ट लावले, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला. गाडी आपोआप मंद होईपर्यंत नुसती धरून बसली. कडेला आल्यावर पुढचा ब्रेक हलका हलका धरला आणि मग खडीत पडली. ट्रक हाताच्या अंतरावरून गेला."

पडली ती ट्रेवरच. एका बाजूचा अख्खा मनोरा फुटला. आणि त्या पिवळ्या चिखलात बसून, कोपर सोललेलं, तळहातात खडी रुतलेली, ही बाई काय करत होती? दुसऱ्या बाजूची शाबूत अंडी उचलून वेगळी ठेवत होती. ऑम्लेटनं तिला दंडाला धरून उठवलं म्हणे.

घरी तिच्या हातातली खडी मी चिमट्यानं काढली. 

"मागचं फुटलं की मागचा ब्रेक मारायचा नाही," ती मला धडा शिकवत असल्यासारखी म्हणाली. "ज्या चाकातली हवा गेली त्याला छेडायचं नाही, दुसऱ्यावर थांबायचं. दादानं शिकवलं होतं. दादानं वाचवलं मला, वहिनी."

"दादानंच मारलं असतं!" मी ओरडले. "हवा कमी करायला कुणी शिकवलं? आणि पुढचं फुटलं असतं तर? त्याला नव्हतं का ठाऊक, काय करायचं आणि काय नाही? सगळं ठाऊक होतं! पुढचं फुटल्यावर त्याला करायला वेळच मिळाला नाही!"

तिनं हात काढून घेतला. "औषध लाव," म्हणाली.

मला वाटलं, आता तरी हिला अक्कल येईल. सोललेलं कोपर भरेपर्यंत घरी राहिली, मागे नवीन टायर टाकलं, आणि कामावर आली त्या सकाळी मी दिव्यासमोर अंडं धरलेलं असताना समोर बघते तर काय! पुढच्या चाकाशी उकिडवी. हातात खिळा.

मी उठले. टेबलावर माझे तपासून झालेले ट्रे होते, त्यातला वरचा उचलला, अंगणात गेले आणि तिच्यासमोर जमिनीवर आपटला. मग परत जाऊन दुसरा आणला. तोही आपटला. 

"फुटली!" मी म्हणाले. "बघा सगळ्यांनी. अंडी फुटली. कोसळलं का आभाळ? कुणाच्या घरी सुतक आलं?"

मालक धावत आला. "अहो वहिनी, डोकं फिरलंय का तुमचं? मी कधी कुणाला सांगितलं, हवा कमी करा म्हणून?"

"नाही सांगितलंत. तुम्ही फक्त पाठ थोपटलीत! आणि हे सगळे दात काढून हसले त्या ऑम्लेटला. काय चुकलं हो त्याचं? जिवंत आहे, हे चुकलं?"

 ऑम्लेट कोपऱ्यात पायाशी बघत उभा होता. त्याला हे असं सगळ्यांसमोर बोललेलं नको होतं, मला कळत होतं, पण माझ्या तोंडाचा पट्टा सुटला होता.

"आणि तू!" मी नणंदेकडे वळले. "तुझ्या हातावरचे वण अजून ताजे आहेत आणि तू पुन्हा तेच करतेस? लाज नाही वाटत? एकाची राख सावडली मी. आता तुझीही सावडू? तुला कळत कसं नाही? इतकी का बुद्धी गहाण पडलीय?"

ती उठली नाही. तशीच बसून, चाकावर अंगठा ठेवून म्हणाली, "कळतं मला."

"काय कळतं?"

"सगळं कळतं. पंक्चरवाल्यानं ते टायर तुझ्या आधी मला दाखवलं होतं." तिचा आवाज एवढा हळू होता की मला खाली वाकावं लागलं. "मी हवा भरली, वहिनी, आणि काही नाही झालं, मी रोज नीट घरी आले, थोडी अंडी फुटली आणि बाकी काहीच नाही झालं, तर मग दादा उगाच मेला. असं होईल ना?"

एवढी वर्षं मी समजत होते ही हट्टी आहे. मूर्ख आहे, भावाची भक्त आहे, कौतुकाची भुकेली आहे. मनातल्या मनात मी तिला काय काय म्हणाले होते. आणि ती रोज तो खिळा हातात घेत होती ती एवढ्यासाठी, की भावाच्या मरणाला काहीतरी कारण राहावं. माझा राग कुठे गेला नाही. पण आता तो तिच्यावर राहीना, मालकावरही राहीना. सरळ माझ्या नवऱ्याकडे गेला. तो इथे असता तर मी त्याला त्या अंगणात सगळ्यांसमोर थोबाडीत मारली असती. अंड्यांसाठी! बाहेरच्या चार लोकांनी उस्ताद म्हणावं म्हणून!

मी तिच्यासमोर त्या अंड्यांच्या चिखलातच बसले.

"उगाचच मेला गं तो," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता मारते मला. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली, लहान पोरीसारखी, मोठ्यानं, नाक पुसायचंही भान नाही. भाऊ गेला तेव्हा रडायची राहिली होती ते सगळं आता त्या अंगणात, मालकासमोर, हातात खिळा घेतलेल्या त्या सगळ्या बाप्यांसमोर. मीही रडत होते, आणि रडतानाही शिव्या देत होते, कुणाला ते विचारू नका.

कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे, वहिनी, उस्ताद चुकले होते?"

"चुकला," मी म्हणाले. "त्याची बायको सांगतेय. चुकला."

 ऑम्लेट आपला पंप घेऊन आला. नेहमीच्या सवयीनं तो मागच्या, नव्या चाकाशी बसायला लागला, तेव्हा नणंदेनं बाहीनं तोंड पुसलं आणि त्याच्या हातातून नळी ओढून घेतली.

"आधी पुढचं," ती म्हणाली.