सिंधूच्या घरची निळी चादर

लातुरात क्लासच्या गल्लीत एक बोलणं कानोकानी फिरत होतं. सिंधूबाईकडं खिडकीजवळ जी खाट आहे, तिच्यावरच्या निळ्या चादरीवर झोपलेल्या पोरीचा मेडिकलला नंबर लागतोच लागतो. दाखल्याला तनुजा नावाची पोरगी होती. ती म्हणे त्याच चादरीवरून उठली ती थेट सरकारी कॉलेजात जाऊन बसली. सांगणारी बाई आधी मागंपुढं बघायची, मग 'तुझ्यापाशीच ठेव' म्हणायची, आणि दुपारपर्यंत ती गोष्ट गिरणीवर दळणासोबत दळली जायची.

सिंधू मूळची मुरुडची. नवरा व्यंकटी आडतीवर मापाडी. वरच्या दोन खोल्यांत ती शिकायला आलेल्या पोरी ठेवायची आणि त्यांना जेऊ घालायची. भाजीत मीठ कमी-जास्त झालेलं तिला चालायचं, पण धुण्याच्या बाबतीत ती दोन सासवांइतकी खाष्ट. बोअरच्या पाण्याला साबण फेसाळत नाही, चादर पापडासारखी कडक होते. म्हणून नळ आला की पहिलं पाणी चादरींचं. व्यंकटीची आंघोळ त्यानंतर, उरलं तर. दर रविवारी एकूण एक चादर खाटेवरून उतरायचीच. पोरी तिला पाठीमागं चादरमावशी म्हणायच्या. तिला ते माहीत होतं, आणि खोटं कशाला सांगा, आवडतही होतं.

त्या निळ्या चादरीच्या बोलण्यावर मात्र तिनं कधी हो म्हटलं नाही, की नाही म्हटलं नाही. खोल्या भरत होत्या. तोंड उघडून करायचं काय?

हे मौन तिला होळीनंतर महागात पडलं. उमरीचा रामकिशन आठवडी बाजारात कापड विकणारा माणूस. त्याची सृष्टी सिंधूकडंच राहायची. कुणीतरी त्याच्या कानात ही गोष्ट ओतली आणि तो धावतपळत लातूरला आला. पोरीची खाट बदलून घेतली, निळ्या चादरीला हात लावून तो हात डोळ्याला लावला, आणि परीक्षा होईपर्यंत चादर पाण्याला दाखवायची नाही, गुण धुवून जातो, असं सिंधूला बजावून गेला. ज्या बाईला शेजारणीच्या दोरीवरची मळकी चादर बघून झोप येत नाही, तिच्याकडून हे वचन! पण तिनं दिलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

झालं, उन्हाळा लागला. घाम, पावडर, बिस्किटाचा चुरा, सगळं त्या चादरीनं पोटात घेतलं. परीक्षा पुढच्या रविवारावर आली तेव्हा सृष्टी बोटांच्या बेचक्यात खाजवायला लागली. मग मनगट, मग पोट. रात्रभर तळमळायची, सकाळी लाल डोळ्यांनी सराव पेपर सोडवायची आणि येत असलेली गणितंही चुकवायची. डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी खरूज सांगितली. मलम सगळ्याच पोरींना लावा, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यातून काढा आणि कडक उन्हात टाका; नाहीतर मलमाचा उपयोग नाही.

आता सिंधूचा जीव टांगणीला लागला. चादर धुवावी आणि पोरगी नापास व्हावी, तर रामकिशन जन्मभर तिच्या नावानं बोटं मोडणार. न धुवावी, तर पोरीला झोप नाही, आणि शेजारच्या खाटेवरची पोरगीही पेन खाली ठेवून बोटं खाजवत होती. बाकीच्या चादरी तिनं धुतल्या. निळीपाशी येऊन हात थांबायचा. भाकरी करपली, चहात साखर दोनदा पडली. व्यंकटी म्हणाला, एवढा घोर तर तू माझ्या ऑपरेशनलाही केला नव्हतास. ती त्याच्यावर वसकन ओरडली.

शुक्रवारी सृष्टी जिन्यात बसून रडताना दिसली. सिंधू वर गेली, खाटेवरची चादर ओढली आणि खाली आणून उकळत्या पाण्याच्या घमेल्यात काठीनं दाबली. वर मूठभर सोडा टाकला. पाणी क्षणात निळंशार झालं. मोरीतून निळा ओघळ अंगणात आला, आणि नेमका त्याच वेळी रामकिशन धपाट्यांचा डबा घेऊन दारात उभा राहिला. त्यानं ओघळ बघितला, घमेलं बघितलं, आणि मटकन ओट्यावर बसला.

सिंधूनं काठी हातात तशीच धरून घडाघडा सगळं सांगितलं, खरूज, मलम, पोरीचं जागरण. तो ऐकत नव्हता. त्याची नजर पाण्यावर होती.

"ताई," तो म्हणाला, "ही चादर कवाची हाय?"

"का?"

"तनुजाला जाऊन चार-पाच वर्सं झाली म्हणत्यात. इतकी धुतलेली चादर असा रंग सोडत न्हाई. माझं आयुष्य कापडात गेलंय. हे कापड पहिल्यांदाच गरम पाणी बघतंय."

सिंधूच्या कपाळाला घाम आला, आणि तो काही चुलीचा नव्हता.

"होळीचीच हाय," ती म्हणाली. "तुमी खाट बदलायला लावली तवा नवी अंथरली. जुनीचं कवाच फरशी पुसायचं फडकं झालं, भाऊ."

"म्हंजे मी दुकानातनं आणलेल्या कोऱ्या चादरीच्या पाया पडलो?"

"मी न्हाई म्हटलं पायजे होतं. भ्याले."

वरून सृष्टीच्या खोकण्याचा आवाज आला तसा रामकिशन उठला. त्यानं बाह्या वर सारल्या आणि सिंधूनं गार पाण्यातून काढलेल्या चादरीचं एक टोक धरलं. दुसरं सिंधूनं धरलं. दोघांनी मिळून पीळ घातला. गच्चीवर चादर टाकताना तो पुटपुटत होता की असल्या कच्च्या रंगाचा माल मी गिऱ्हाइकाला दाखवत सुद्धा नाही.

मलम लावून, धुतलेल्या चादरीवर सृष्टी दुपारी आडवी झाली ती दिवेलागणीलाच उठली. रामकिशन तोवर खोलीच्या दाराबाहेर बसून पोरींना दबक्या आवाजात दटावत होता. निघताना त्यानं हळूच विचारलं, तनुजा निदान त्या जुन्या चादरीवर तरी झोपायची ना?

तनुजा त्या खाटेवर कधीच झोपली नव्हती. खाट करकरायची, म्हणून ती खाली सतरंजीवर झोपायची.