भिंगरीकाकांची ओली फरशी

फरशी बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे भिंगरीकाका म्हणायचे, आणि पहिल्यांदा बघणारा हमखास हसायचा. भिंगरी कसली, चांगलं पिंपासारखं शरीर! चालायला लागले की वाटावं, कोणीतरी कपाट सरकवतंय. पण नवी फरशी वाळली, की हेच पिंप चपला काढून खोलीच्या मधोमध उभं राहायचं. आधी टाचेचा एक ठोका. मग दुसरा. मग हळूच कंबर. आणि पुढे काय विचारता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गिरक्याच गिरक्या!

"नाचत नाहीये," घरमालकांना ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. "तपासतोय. खाली सिमेंट नीट बसलं नसेल, तर फरशी बद्द वाजते."

ते खोटं नव्हतं हो. पोकळ फरशीचा आवाज वेगळा येतोच. पण तो ऐकायला डोळे मिटून मान कशाला वेळावायची, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

विचारलं ते पोटच्या पोरानं. मुलगा बापाच्या हाताखालीच तयार झालेला, कामाला चोख, पण भारी लाजाळू. बाप नाचायला लागला की हा बाहेर जाऊन नळ गळतोय का बघत बसायचा. एके दिवशी त्यानं बाजारातून एक लांब दांडी आणली, टोकाला लोखंडी गोळी असलेली.

"बाबा, आता ही फिरवायची. पोकळ असलं की लगेच कळतं. तुम्ही नाचायला नको."

"मी नाचतो?"

"मग गिरकी घेऊन कोणती फरशी तपासतात?"

"कोपऱ्यातली!"

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आमचं लग्न ठरलं तेव्हा हे आमच्या अंगणात नाचले होते. तिथे नुसती माती. कोणती फरशी तपासत होते, तेवढं विचार की."

झालं! सबबच गेली. आता नाचायचं म्हणजे नुसतंच नाचायचं, आणि नुसता नाचणारा जाडा माणूस म्हणजे गावाला फुकटची करमणूक. दांडीला नावं ठेवावीत तर ती एकदाही चुकेना. पुढच्या घरी मुलानं ती फिरवली, "पक्की आहे" म्हणाला, आणि काका चपला हातात धरून तसेच उभे. मग चपला घातल्या, हत्यारं गोळा केली. रात्री जेवताना मीठ मागितलं. भाजीत मीठ बरोबर होतं.

असे दिवस चालले होते. मग शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या घरचं काम आलं. सकाळी फरशी बसवून झाली आणि मुलगा सांधे भरायची पूड आणायला गेला. ओल्या फरशीवर उद्यापर्यंत मांजरसुद्धा जाता कामा नये, असं जन्मभर ओरडत आलेला हा माणूस उंबऱ्यात उभा राहून फरशीची ओळ धरायची दोरी गुंडाळत होता. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत मशीन सुरू झालं. खडखड-खड. खडखड-खड.

पुढचं त्यांनाही नीट आठवत नाही.

मशीन थांबलं तेव्हा ते खोलीच्या मधोमध होते. फरश्या वाकड्यातिकड्या, दात पडायला लागलेल्या पोराच्या तोंडासारख्या. फटीफटीतून सिमेंट वर आलेलं.

बाई गळ्यात टेप अडकवून दाराशी आल्या. मागून मुलगाही पोचला, पिशवी हातातच.

"काय हो," बाई म्हणाल्या, "पोकळ निघाली वाटतं?"

घ्या! आयती सबब ताटात वाढून आली. नुसती मान हलवायची होती. काकांनी मुलाकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "चांगली बसली होती. मी नाचलो."

मुलानं फरशी बघितली. मग बापाचे सिमेंटनं माखलेले पाय बघितले. बराच वेळ बघितले.

"तो कोपरा राहिला," तो म्हणाला.

"तो ठीक आहे रे. तेवढा वाचेल."

"एकट्या कोपऱ्याचं काय घेऊन बसलात? ओळ बिघडली, आता सगळंच उचलायचंय." त्यानं पिशवी खाली ठेवली. "तिथेही नाचून घ्या. बाई, मशीन चालू करता का जरा?"

बाई हसत आत गेल्या. मुलगा दारातच टेकून उभा राहिला. नळ बघायला काही गेला नाही.