मागची पायरी

आमच्या फौजदारांनी आयुष्यात कुणाला अटक केली नाही. अंबरनाथ पश्चिमेला त्यांचं सलून होतं, दोन खुर्च्यांचं, त्यातली एक कायम जुन्या पेपरांनी अडवलेली. गिऱ्हाईक दुसऱ्या खुर्चीत बसलं की ते मानेमागून केसांत बोटं फिरवायचे आणि जबाब घ्यायला लागायचे. "मध्ये कुणाचा हात लागलाय?" तोंडावर आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, पाठीमागे फौजदार. पाठीमागे आपल्याला काहीतरी म्हणतात, हा संशय त्यांना होताच.

संशय हा त्यांचा जोडधंदा होता. उल्हासनगरहून आणलेला पावडरचा डबा ते आधी हुंगायचे, मग स्वतःच्या मानेला लावून दिवसभर वाट बघायचे. काही झालं नाही की जास्तच अस्वस्थ व्हायचे. "खुजलीपण नाय येत. म्हणजे आतमध्ये काहीतरी लोचा आहे." कुणी नेहमीपेक्षा बारीक कापायला सांगितलं, तर कैची थांबवून विचारायचे, "लग्न ठरलं की नोकरी गेली?" त्यातलं एखादं खरंही निघायचं, आणि मग आठवडाभर त्यांच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

मला वडिलांनी त्यांच्या हवाली केलं होतं. मिसरूड फुटली ती त्यांच्यासमोर आणि पांढरी व्हायला लागली तीही. लग्नानंतर आम्ही बदलापूरला, खरवईत घर घेतलं. पेढे घेऊन गेलो तर त्यांनी पेढा हातात धरून ठेवला आणि एवढंच विचारलं, "तिकडे सलूनं किती आहेत?" मी म्हटलं, "असतील तात्या, पण मी इथंच येणार." त्यांनी मान हलवली. विश्वास बसलेला माणूस तशी हलवत नाही.

लॉकडाऊनमध्ये बायकोने घरच्या कात्रीने माझे केस कापले होते. दुकान उघडल्यावर फौजदारांनी मानेवर, केस जिथे वरखाली कापले गेले होते तिथे बोट ठेवलं. "पायरी पडलीय. कोण हा?" बायकोने कापले म्हटलं, तर म्हणाले, "वहिनींना फोन लाव." मी लावला. त्यांनी तिची अगदी अदबीने उलटतपासणी घेतली; कात्री कुठली, कंगवा कुठला, उजवीकडून सुरू केलं की डावीकडून. फोन ठेवून म्हणाले, "बाई खरं बोलतेय. तुझं मात्र सांगता येत नाय."

अलीकडे मलाच त्यांचा संशय यायला लागला होता. वस्तरा त्यांनी बाजूला ठेवला होता. "आजकाल ब्लेड बरोबर येत नाय," म्हणाले. भर दुपारी दोन्ही ट्यूब लावायचे. कैची चालवताना आरशात न बघता कानाच्या अगदी जवळ तोंड आणायचे. एकदा घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, मागे पायऱ्या पडल्यात. आता तरी सलून बदला." मी तिच्यावर चिडलो. माणूस म्हातारा झाला म्हणून कुणी त्याला टाकतं का, असं काहीतरी बोललो.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा बाकावर म्हात्रेकाका होते, कारखान्यातून रिटायर झालेले, रोज तिथे पेपर वाचायला येणारे. आणखीही दोघं-तिघं होते. फौजदारांनी बोटं फिरवली आणि थांबले. "ही कुणाची पायरी?"

मी आरशातून बाकाकडे बघितलं.

"अरे विचारतोय मी. ज्याने हे केलं त्याला कैची धरता येत नाय. कोण आहे?"

म्हात्रेकाकांनी पेपर खाली केला. मागच्या वेळचे केस फौजदारांनीच कापले होते, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत असावं. "खरवईतच एकाकडे गेलो होतो तात्या," मी म्हटलं. "घाई होती."

त्यांनी माझ्या गळ्याभोवतीचं फडकं सोडलं, झटकलं. "मला माहीतच होतं," म्हणाले. "ज्याने बिघडवलं त्याच्याकडनंच नीट करून घे." बाकावरचे हसले. मी पायऱ्यांसकट बाहेर आलो. लाज वाटत होती, पण आतून बरंही वाटत होतं. त्यांचं नाव राहिलं होतं.

नंतर खरंच खरवईतल्या एका सलूनमध्ये जायला लागलो. तो मुलगा काहीच विचारत नाही, कानात इयरफोन घालून कापतो.

मग एकदा अंबरनाथ स्टेशनबाहेर म्हात्रेकाका भेटले. म्हणाले, "फौजदारने दुकान बंद केलं, माहीत आहे ना? मुलीकडे राहतो आता."

"डोळे?" मी विचारलं.

"डोळे तर गेलेतच. पण त्याच्यामुळे नाही बंद केलं. तू गेल्यावर तो रिक्षा करून खरवईला गेला होता. एकेका सलूनमध्ये शिरायचा, कापलेल्या माना बघायचा. चष्मा लावून, अगदी जवळ जाऊन. लोक चिडले त्याच्यावर. परत आला आणि मला म्हणाला, 'तिकडे तसली पायरी कोणीच पाडत नाय.' दुसऱ्या दिवसापासून शटर वर केलं नाही."

 माझे डोळे भरून आले ते काकांनी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

"तुझ्यासाठी निरोप दिलाय त्याने," ते म्हणाले. "'त्याला सांग, आता कुणाकडेही जा, मी विचारणार नाय.'"

इतक्या वर्षांत इतकं वाईट ते मला कधीच बोलले नव्हते.